शुगरची गोळी चालू असताना काढा, चूर्ण, रस: आधी पिशवी ओट्यावर रिकामी करा

चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी माझं मेडिकल आहे. मागच्या श्रावणातल्या एका सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास, बाजूच्या खेड्यातल्या एक मावशी दुकानाच्या बाकावर येऊन बसल्या. बाहेर पाऊस, आत पंखा फुल्ल, आणि मावशींच्या मानेवरून घामाच्या धारा. "भाऊ, माले चक्कर यी राह्यनी. बीपीनी गोई दे."

बीपीच्या गोळीऐवजी मी आधी ग्लुकोमीटर काढला. शुगरचा आकडा आला ५८, म्हणजे बराच कमी. ग्लासभर पाण्यात ग्लुकोजची पावडर कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८४ झाले, तोंडावर रंग आला, मग मी त्यांची कापडी पिशवी काउंटरवर रिकामी केली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. जावयानं आणून दिलेली कारले-जांभूळ रसाची बाटली, अकरा दिवसांपासून चालू. बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडची एक पुडी. आणि त्या दिवशी सोमवारचा उपास. "गोई बी चालू शे, रस बी चालू शे," असं मावशी अभिमानानं सांगत होत्या. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं आणि मावशींना ते औषध वाटत नव्हतं.

झाडपाल्याचा मी वैरी नाही. मेटफॉर्मिन हीच गोळी युरोपातल्या एका रानटी झुडपातल्या द्रव्याचा माग काढत सापडली आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहासाठी वापरात आली. झाडपाल्यात गुण असतो, म्हणून तर गोळीबरोबर घेताना हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब घरच्या घरी कसा मांडायचा, ते सांगतो. एक अट मात्र पाळा: हे वाचून कुणी डॉक्टरांची गोळी कमी-जास्त करायची नाही.

पहिलं काम: सगळं ओट्यावर मांडा

सगळं म्हणजे सगळं. रात्री भिजत घातलेले मेथीदाणे, विजयसारचा लाकडी पेला, फ्रीजमधली रसाची बाटली, त्रिफळा, इसबगोल, खोकल्याचा काढा, परसातल्या 'इन्सुलिनच्या झाडाची' पानं, गुडघेदुखीची पुडी, च्यवनप्राश. लोक सांगताना नेमकं 'घरचं' असलेलं गाळतात.

मग ठरवा, यातलं जेवण कोणतं आणि औषध कोणतं. आठवड्यातून दोनदा कारल्याची भाजी, वरणाला मेथीची फोडणी, भाजीत हळद, हे जेवण. याला कुणी हात लावायला सांगत नाही. तेच कारलं रोज सकाळी उपाशीपोटी अर्धा पेला रस म्हणून पोटात गेलं, मेथी चमच्यानं मोजून घेतली किंवा हळदीची कॅप्सूल झाली, की ते औषध. वस्तू तीच असली तरी मात्रा, रोजचा नेम आणि उपाशीपोट या तीन गोष्टींनी तिचं काम बदलतं.

काढे-आसवांचं वेगळं पाहा. आसव-अरिष्टांत गूळ किंवा साखर घालून ती आंबवलेली असतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेलं थोडं मद्यही असतं. च्यवनप्राशात साखर भरपूर. शुगरसाठी कडू रस घेणारा माणूस शक्तीसाठी दोन चमचे च्यवनप्राश चाटतो आणि वर म्हणतो, रसाचा गुण येत नाही. थंडीतल्या मेथीच्या लाडवांचीही तीच कथा. मेथीचं नाव पुढे, गूळ मागे.

दुसरं काम: गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

कंपनीचं मोठं नाव सोडा, खालचं औषधाचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा, तेवढ्यासाठीच तो बसलाय. आपल्याला एवढंच ठरवायचंय: ही गोळी एकटी शुगर धोक्याच्या खाली नेऊ शकते का?

नावाची सुरुवात 'ग्लि'नं असेल, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, तर उत्तर हो. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्यांना कळत नाही. इन्सुलिनचं इंजेक्शनही याच गटात धरा. यांच्यासोबत शुगर उतरवणारी कोणतीही वनस्पती नेमानं घेतली तर मावशींसारखी वेळ येऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर या गोळ्यांचा अंमल आणखी लांबतो.

मेटफॉर्मिन, आणि नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' असलेल्या गोळ्या एकट्या असताना शुगर फार खाली नेत नाहीत. पण आपल्याकडे बहुतेकांची गोळी दोन-तीन औषधं एकत्र असलेली असते. नावाच्या शेपटीला 'एम' असेल तर बहुधा आत मेटफॉर्मिन आहे, आणि सोबत कोण आहे ते वाचावंच लागतं.

नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. यांचा धोका वेगळा, त्याबद्दल पुढे.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर चिठ्ठीवर मोठी खूण करा. ही औषधं पिठूळ पदार्थ आणि साधी साखर पोटात फुटू देत नाहीत, आणि शुगर उतरली की हेच आडवं येतं.

तिसरं काम: वनस्पती आणि गोळी यांची जोडी लावा

कारल्यापासून सुरू करू, कारण आपल्याकडे रसाची सुरुवात तिथूनच होते. १९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकिगत छापून आली होती. क्लोरप्रोपामाइड ही 'ग्लि' गटाचीच जुनी गोळी चालू असताना तिनं कारल्याची भाजी खाल्ली आणि शुगर अपेक्षेपेक्षा जास्त उतरली. दुसऱ्या बाजूला, औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१२ च्या आढाव्यात कारल्याच्या चाचण्या तपासल्या तेव्हा मधुमेहावर भरवशाचा फायदा दिसला नाही. वाचून गोंधळायला होतं, पण दुकानातला अनुभव दोन्हींशी जुळतो. एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याला दहा दिवसांत घाम फुटतो. फळ कोवळं की जून, रस पातळ की घट्ट, बियांसकट की बियांविना, कशाचंच माप नसतं. गोळीचं माप मात्र मिलिग्रॅममध्ये ठरलेलं. म्हणून 'ग्लि'ची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कारल्याचा रस रोज नको, असं माझं सरळ मत आहे. भाजी खा.

रसाचं आणखी एक, आणि हे गोळीशी संबंधित नाही. कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळू नका. दुधी कधीकधी कडू निघतो आणि कडू दुधी विषारी असतो. चव घेतली की कळतो, पण कारल्याच्या कडूपणात ती चव बुडते. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा अशाच मिश्र रसानं मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं सांगितलं की कडू लागला तर दुधीचा रस टाकून द्या आणि तो दुसऱ्या रसात मिसळू नका.

मेथीदाण्यांचं काम दोन प्रकारचं. त्यांचा बुळबुळीत तंतू पोटात जाळं धरतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळू उतरते. हा गुण चांगला. पण तेच जाळं गोळीलाही धरू शकतं. इसबगोलाचंही तसंच. म्हणून ही दोन्ही आणि गोळी एकाच घोटात घेऊ नका: गोळी आधी, नंतर किमान एक-दोन तासांनी मेथी किंवा इसबगोल. थायरॉईडची गोळी असेल तर अंतर चार तासांचं ठेवा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर मेथीचं चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हळदीच्या कॅप्सूललाही हाच नियम. त्यात बऱ्याचदा मिरीचा अर्क घातलेला असतो, आणि मिरीतलं पिपेरिन काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवू शकतं.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनी. पान चावून वर साखर टाका: वाळू चघळल्यासारखं लागतं. जिभेचा गोडवा ओळखण्याचा रस्ता काही वेळ बंद होतो, एवढंच. एका गिऱ्हाइकानं शुगर उतरल्यावर साखर तोंडात टाकली, गोड लागली नाही म्हणून 'भेसळ दिसते' म्हणत थुंकून टाकली. सकाळीच त्यानं गुडमारची पानं चावली होती. चव लागली नाही तरी साखर पोटात काम करते, गिळायची. गुडमारचं चूर्ण किंवा अर्क 'ग्लि' गोळीसोबत असेल तर कारल्याच्या रसाचीच खबरदारी.

विजयसार, आपल्या सातपुड्यातला बिबला. रात्री पेल्यात पाणी ठेवलं की सकाळी ते तांबूस-पिवळं होतं आणि उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं यावर केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, निकाल आशादायक होता, विक्रेते तो छाती ठोकून सांगतात. एक गोष्ट मात्र गाळतात: ती चाचणी नव्यानं निदान झालेल्या, सौम्य मधुमेहाच्या रुग्णांवर होती. दहा वर्षं दोन-तीन गोळ्या खाणाऱ्या माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पेला चालू करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, वही ठेवून. आणि पाण्याला रंग येणं थांबलं की तो पेला नुसता पेला उरतो.

गुळवेलीनं करोनाच्या काळात घराघरांत बस्तान बसवलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद काहीही असो, बांधावरची वेल तोडून आणणाऱ्याला दोन वेलींतला फरक कळतोच असं नाही. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर सगळी चूर्णं बंद करून त्याच दिवशी यकृताची तपासणी करा.

'इन्सुलिनच्या झाडात' इन्सुलिन नसतं. पानं आंबट लागतात, बस. पण नावामुळे इंजेक्शन सोडून पानांवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे एक वाक्य लिहिणं भाग पडलं.

चौथं काम: बिननावाची पुडी बाजूला काढा

ज्या पुडीवर घटक नाहीत, बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक नाही, ती मी औषधात धरतच नाही. आठवडे बाजारात, यात्रेत, चौफुलीवरच्या तंबूत या मिळतात. 'शुगरच्या देशी औषधा'त तपासणीअंती ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन, अगदी बंदी घातलेलं फेनफॉर्मिनही सापडल्याची उदाहरणं देशोदेशी आहेत. आठ दिवसांत शुगर धाडकन उतरली तर खूश होऊ नका, शंका घ्या. कदाचित तुम्ही तीच गोळी दुप्पट खात आहात.

गुडघेदुखी आणि दम्याच्या पुड्यांचं उलटं. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर दुखणं दोन दिवसांत पळतं आणि शुगर तीनशेवर जाते. घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते उतरत्या क्रमानं सोडवतील.

बाटलीवर फक्त चौदा आकडी अन्न परवाना असेल तर कायद्यानं ती खाण्याची वस्तू आहे, औषध नाही. 'मधुमेह मुळासकट बरा करू' अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी आणि जादुई उपाय कायद्यानं मनाई आहे. तशी जाहिरात दिसली, तर कायदा मोडणारा माणूस औषध कसं बनवत असेल, याचा अंदाज करा.

रसौषधी, म्हणजे भस्मं असलेल्या गोळ्या, वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्या. काहींमध्ये शिसं, कथिल यांची भस्मं असतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही विचारा.

पाचवं काम: वही

शंभर पानी वही पुरते. रकाने चार: तारीख-वेळ, काय घेतलं, काय खाल्लं, आकडा.

नवं काही सुरू करण्याआधी, आणि ते डॉक्टरांना सांगूनच, चार दिवस नुसती शुगर लिहा. उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची, आणि 'ग्लि'ची गोळी असेल तर संध्याकाळच्या जेवणाआधीचीही, कारण ती वेळ घसरणीची. मग एकच वस्तू सुरू करा. चूर्ण, रस आणि पेला एकाच सोमवारी सुरू केलात तर काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पुढचे दोन आठवडे त्याच वेळांना आकडे. एकदाही ७० च्या खाली गेलं तर नवी वस्तू बंद आणि डॉक्टरांना फोन.

बंद करतानाही वही लागते, हे कुणी सांगत नाही. रस चालू असताना शुगर उतरली म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली, त्यांना रसाचं माहीत नव्हतं. पुढे बाटली संपली, पुण्याहून यायची राहिली, आणि महिन्यात शुगर चढली. दोष गोळीला.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीबद्दल आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, आमच्या चोपडा-यावलच्या पाड्यांवर भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल असेल तर रक्तपेशी लवकर मरतात आणि ही तपासणी खरीपेक्षा कमी आकडा दाखवू शकते. 'काढ्यानं एचबीएवनसी उतरलं' म्हणून नाचण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहा. अशांना बोटावरचे रोजचे आकडेच खरे.

शुगर उतरली तर

थरथर, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात घोळ. हृदयाच्या किंवा बीपीच्या काही गोळ्यांमुळे धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. घाम ही खूण लक्षात ठेवा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कमी असेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर काहीतरी खायला घाला: अर्धी भाकरी, एखादं केळं. केळ्याला आपल्याकडे तोटा नाही.

व्होग्लिबोज-अकार्बोजवाल्यांना साधी साखर वेळेवर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच द्या. घरात एक डबी ठेवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि 'ग्लि'ची गोळी खाणारा सावरला तरी त्याला एकटं सोडू नका. गोळीचा अंमल उतरेपर्यंत शुगर पुन्हा खाली जाऊ शकते, कधी रात्री झोपेत. मावशींना मी लगेच रिक्षानं डॉक्टरांकडे पाठवलं ते याचसाठी.

उपास, हगवण, मे महिना, ऑपरेशन

उपास असेल तर त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा आणि कडू रस त्या दिवशी घेऊच नका. साबुदाणा-भगर खाऊन शुगर चढते आणि निर्जळीनं पडते, दोन्ही उपासच.

पोट साफ होण्याची चूर्णं, विशेषतः सोनामुखी किंवा कोरफडीच्या चिकाची, जुलाब लावतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, त्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी दोन्ही बाजूंनी जाणार. मेटफॉर्मिन आणि 'ग्लिफ्लोझिन' या दोन्हींना कोरडं शरीर सोसत नाही. उलट्या-जुलाब चालू असताना, खाणं थांबलेलं असताना 'ग्लिफ्लोझिन' चालू राहिली तर शुगर साधारण दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला तर आकड्यावर विसंबून घरी बसू नका.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर चूर्ण-काढे सहसा दोन आठवडे आधी बंद करतात, मोतीबिंदूलासुद्धा डॉक्टरांना यादी द्या. गरोदर बाईनं कारल्याचा रस, मेथीचं चूर्ण औषध म्हणून घेऊ नये.

सांगायचं कसं

डॉक्टर रागावतील म्हणून लोक लपवतात, आणि काही रागावतातही, हे खोटं नाही. म्हणून 'मी देशी औषध घेतो' असं मोघम बोलू नका. पिशवी आणि वही टेबलावर ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: यातलं माझ्या गोळीशी भांडणारं कोणतं? मूत्रपिंड-यकृताची तपासणी शेवटची कधी झाली? हे चालू ठेवलं तर शुगर कधी-कधी मोजू? वैद्यांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं न्या. काही विपरीत घडलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, सामान्य माणसालाही फोन करता येतो.

मावशी पंधरा दिवसांनी परत आल्या. डॉक्टरांनी रस बंद केला, पुडी केरात गेली, मेथी जेवणासोबत चालू, गोळी सकाळी वेगळी. वही नातीच्या अक्षरात होती. एका पानावर आकड्याशेजारी लिहिलं होतं: 'आजीने शेवभाजी खाल्ली, दोनदा.'